पश्चिमेची भिंत

पाटोवर, खाडीच्या काठी, माझी पहिली इमारत.
चार मजले, पश्चिमेला सगळी काच.
सत्तावीस वर्षांची होते. नकाशात झाडं काढली होती,
माणसं काढली होती, ऊन काढायचं राहिलं.

उद्घाटनाला त्या भिंतीत पूल दिसला,
रेतीची होडी दिसली,
आणि नव्या साडीत मी.

एप्रिलात उरलेलं बिल मागायला गेले
तर दुसऱ्या मजल्याच्या काचांना वर्तमानपत्रं.
रखवालदार शाबी खळीचं भांडं पाठीमागे लपवत म्हणाला,
"बाई, रागावू नका हां.
तीन वाजले की टायपिस्ट पोरीला कागद दिसत नाही.
निधनवार्ता बाहेरच्या अंगाला लावल्यात,
आतल्यांना क्रिकेट."

रागावले. घरी येऊन रडलेसुद्धा.
त्या इमारतीत डोकं चालवलेला एकच माणूस
स्टुलावर उभा होता,
हे कळायला मला पाच वर्षं लागली.

मग शिकत गेले, उशिरा, वयानं लहान माणसांकडूनही.
चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो,
वारापाऊस खाऊन कणखर होतो.
(माझं उलट झालं.)
चुना भिजू द्यावा, त्याला घाई केली
तर भिंत दोन वर्षांनी सूड घेते;
हे बांदोड्याच्या रोहिदास गवंड्यानं
माझ्याच एका भिंतीवर टिचकी मारून ऐकवलं.
आणि शिंपल्यांच्या जुन्या तावदानांतून
ऊन घरात येतं ते चपला बाहेर काढून.

आसगावच्या टेकडीवर एक गिऱ्हाईक म्हणालं,
"मॅडम, सगळं ग्रीन पाहिजे. छपरावर सोलार.
आणि पोहायचे तलाव दोन, एक मुलांचा."
मी विचारलं, खालच्या वाड्याची विहीर मार्चमध्ये किती खोल जाते?
ते म्हणाले, कुठला वाडा?
काम गेलं.
असं नऊ वेळा गेलं.
दोन वेळा गेलं नाही, मुलाची फी भरायची होती.
त्या दोन घरांवरून मी अजून वळसा घेऊन जाते.

बंगळूरला बक्षीस मिळालं, पितळेचं पान.
सभागृह इतकं गार
की शाल लपेटून बोलले
नैसर्गिक वायुवीजनावर.

चोडणला खाजनाच्या बांधावर
तोलेंतिन मानशीच्या फळ्या राखतो.
अवसेच्या रात्री टॉर्च घेऊन पाणी बघून येतो.
त्याच्या लाकडी खांबावर कोयतीच्या खुणा आहेत:
बापाच्या वेळची भरती,
स्वतःच्या लग्नाच्या वर्षाची,
लॉकडाऊनमधली, औंदाची.
मी टेप काढला, तो हसला.
खालच्या आणि वरच्या खुणेत
अंगठा उभा केलेली माझी मूठ
बरोबर बसली.

ती मूठ मी आराखड्याच्या बैठकीत टेबलावर ठेवली.
म्हटलं, सखल भागात तळमजला पाण्याला सोडा,
नाल्याला त्याची रुंदी परत द्या,
शेतात भर घालू नका, पाणी पत्ता विसरत नाही.
साहेब म्हणाले, कुंकळ्येकर मॅडम, तुम्ही छान बोलता.
चहा आला. पुढचा विषय पार्किंग.

आता ती काचेची इमारत पाडायची म्हणतात.
नवी तुम्हीच करा, तुमचं नाव झालंय.
मी कळवलं, पाडू नका.
ज्या सिमेंटसाठी एकदा भट्टी पेटली
त्याला निदान म्हातारं होऊ द्या.
पश्चिमेला हातभर पुढे चिऱ्याची जाळी बांधते,
मध्ये वाऱ्याला वाट ठेवते.
फी अर्धी सांगितली. उत्तर आलेलं नाही.

तरी रोज दुपारी दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसते,
टायपिस्टच्या जागी.
तिथं आता कॉम्प्युटर, पडदे, घुमणारा एसी.
काचेच्या कोपऱ्यात खळीचा एक पिवळा डाग आहे,
नखानं निघत नाही.

नवीन मुलगी विचारते, "बाई, कोणाला भेटायचंय?"
कोणाला नाही गं.
पडदा जरा सरकव.
ऊन टेबलावर कुठवर येतं
ते मोजतेय.